रुंदीकरणाच्या कामावरचा प्लॅस्टिक बॅरियर: पाणी भरलं तर आडोसा, नाहीतर नुसता खोका

महामार्ग रुंद करायचा म्हणून वाहतूक बंद ठेवता येत नाही. मुंबई-नाशिक महामार्गाचा ठाणे ते वडपे हा २३.८ किलोमीटरचा टप्पा चारावरून आठ मार्गिकांचा करण्याचं कामच घ्या. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर दिवसरात्र चालू आणि त्यांच्या शेजारीच खोदकाम. ते खोदकामही थोडंथोडकं नसतं. वरची काँक्रीटची पाटी (पीक्यूसी) साधारण ३०० मिलिमीटर, तिच्याखाली कोरड्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर (डीएलसी) १५०, मग खडीचा थर (जीएसबी) १५० ते २०० आणि त्याखाली ५०० मिलिमीटरचा दाबलेल्या मातीचा सबग्रेड धरला, तर खड्डा एक मीटरच्या वर जातो. धावता ट्रक आणि तो खड्डा यांच्यामध्ये बहुतेक कामांवर उभा असतो तो लाल-पांढरा प्लॅस्टिकचा बॅरियर.

हे परीक्षण त्याचंच आहे. बाजारात सर्रास मिळणारा नग दोन मीटर लांब, एक मीटर उंच, तळाशी ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असतो. आतून पोकळ, वर पाणी भरायचं तोंड, खाली बूच आणि तळाला फोर्कलिफ्टचे दोन खाचे. मत आधीच सांगतो. वाहनांचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आत असेल, पाणी पूर्ण भरणार असाल आणि सांध्यांत पिना घालणार असाल, तर जरूर घ्या. उचलायला, हलवायला, दुसऱ्या कामावर न्यायला इतकी सोपी वस्तू दुसरी नाही. ताशी ८० च्या रस्त्यावर मीटरभर खोल खड्ड्याच्या कडेला मात्र हा लावू नका, तिथे काँक्रीटच हवं. आणि रिकामा तर कुठेच नको.

रिकाम्या नगाचं वजन ३० किलोच्या आसपास. १२०० किलोची कार ताशी ८० च्या वेगाने पंधरा अंश तिरकी आली, तर बॅरियरच्या दिशेने तिचा वेग सेकंदाला पावणेसहा मीटर होतो. रिकाम्या नगाला धडकल्यावर तो उतरतो ५.६ मीटरवर, म्हणजे काहीच फरक पडला नाही. पाच नग पाण्याने भरून एकमेकांना जोडलेले असतील तर त्यांचं मिळून वजन २४०० किलोच्या घरात जातं आणि तोच वेग दोन मीटरच्या खाली येतो. हा कागदावरचा हिशोब झाला. प्रत्यक्षात प्लॅस्टिक फाटतं, पाणी उसळतं, सांधे ताणले जातात आणि सगळी रांग काही मीटर मागे सरकते. ते सरकणं हाच या वस्तूचा काम करण्याचा मार्ग आहे, म्हणून तिच्या मागे रिकामी सपाट जागा हवी. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स ते कासा ग्रांदे हा आय-१० महामार्गाचा २६ मैलांचा टप्पा प्रत्येक दिशेला दोनाच्या तीन मार्गिका करण्यासाठी हाती घेतला गेला. तशा मोकळ्या माळावर सरकायला जागा मिळू शकते. आपल्याकडे बॅरियरच्या मागे खड्डा आणि खड्ड्याच्या मागे गोदामाची भिंत. सरकलेला बॅरियर कारसकट खड्ड्यात जातो.

मुंबईच्या पावसात रिकाम्या नगाचं आणखी एक दुखणं निघतं, आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येतं: तो तरंगतो. तळाचं क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर आणि वजन ३० किलो. रस्त्यावर चार-पाच सेंटिमीटर पाणी साचलं की नग जमीन सोडतो. घोट्याएवढ्या पाण्यात तो सरळ चालत्या मार्गिकेत येतो, आणि पाण्याखाली रस्ता दिसत नसताना दुचाकीवाला त्यालाच कडेची खूण समजून चालत असतो. मे महिन्यातल्या वळवाचं वारंही त्याला पुरेसं आहे. ताशी ६० च्या वाऱ्याचा दोन चौरस मीटरच्या बाजूवर पडणारा दाब ४० किलोच्या आसपास भरतो. रिकाम्या नगाला जागेवर धरणारं घर्षण पंधरा किलोंचं. सकाळी रांग वाकडीतिकडी दिसली की सुपरवायझर ट्रकवाल्यांना बोल लावतो, पण पुष्कळदा तिला कुणी हातही लावलेला नसतो.

आता खरेदी. वसई-भिवंडी पट्ट्यातल्या पुरवठादारांकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे नग वेगवेगळ्या दराने मिळतात. फरक असतो आतल्या मालात. हे नग एलएलडीपीई या पॉलिइथिलीन प्लॅस्टिकच्या भुकटीपासून रोटोमोल्डिंगने, म्हणजे तापलेला साचा फिरवून बनतात. या पद्धतीत माल सपाट भागावर नीट बसतो आणि कोपऱ्यांना, सांध्याच्या जिभेला पातळ राहतो. धडक नेमकी तिथेच लागते. म्हणून भाव नगावर न विचारता किलोवर विचारा, आणि माल उतरवून घेताना दहातले दोन नग वजनकाट्यावर ठेवा. डेटाशीटवर ३५ किलो आणि काट्यावर २६ असेल तर जाडी कुठून कापली ते कोपरा दाबून पाहिलं की कळतं. चांगल्या नगाचा कोपरा अंगठ्याने दबत नाही. पुनर्वापराचा माल जास्त मिसळला असेल तर रंग मळकट दिसतो, आणि सांध्याची कड थोडी वाकवली की पांढरी रेघ उमटते. असा नग पहिल्या उन्हाळ्यानंतर तळाच्या कडेने चिरतो. उन्हापासून प्लॅस्टिक वाचवणारा यूव्ही स्टॅबिलायझर आहे का, हे कागदावर लिहून घ्या. तो नसेल तर लाल रंग दोन उन्हाळ्यांत गुलाबी होतो, आणि रंग उडाला म्हणजे प्लॅस्टिकही ठिसूळ झालं असं समजावं.

बूच ही या वस्तूची सगळ्यात कमकुवत जागा. आटे प्लॅस्टिकचे, त्यावर रबराचा वायसर. आटे तिरके बसवले की गळती सुरू होते, आणि ती इतकी संथ असते की दिसत नाही. तळाशी फक्त ओल राहते. पूर्ण खेप ताब्यात घेण्याआधी एक नग काठोकाठ भरा, पाण्याच्या पातळीवर आतून खडूची खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा. बोटभर जरी उतरलं असेल तर नग हळूहळू रिकामा होत जाणार. ही एक चाचणी न करता माल घेऊ नये, असं आम्ही ठामपणे सांगतो.

भरण्याचं काम वाटतं तितकं किरकोळ नाही, आणि रिकामे बॅरियर उभे राहतात ते याच कारणाने. दोन मीटरच्या नगात ४०० ते ५०० लिटर पाणी मावतं. १०० मीटर रांगेला ५० नग; ४५० लिटरने धरले तर २२,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. मिनिटाला ३०० लिटर देणारा पंप असेल तर एका नगाला दीड मिनिट. पाइप हलवणं, टोपण काढणं-लावणं धरून पन्नास नगांना दोन तास लागतात. रात्री मार्गिका बंद ठेवतात त्या ब्लॉकमध्ये हे दोन तास कुणी धरलेलेच नसतात. बॅरियर ट्रकमधून उतरतात, ओळीत लागतात, पहाटे मार्गिका उघडते आणि टँकर 'उद्या' येतो. निविदेत किंवा कामाच्या ऑर्डरमध्ये बॅरियर 'पाण्यासह आणि पिनांसह, जागेवर' असा शब्द घाला आणि बिल भरलेल्या नगांवरच द्या. पिण्याचं पाणी वापरायची काही गरज नाही, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी चालतं. भरताना वर चार बोटं जागा सोडा.

पाण्याऐवजी रेती भरायचा मोह टाळा. ओली रेती पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असते. नगाचं पोट फुगतं, बूच दबून बसतं, आणि काम पुढे सरकलं की तो रिकामा करता येत नाही; मग हायड्रा क्रेनने तसाच ओढतात आणि उचलायचे कान फाटतात. फुटला तर रेती मार्गिकेवर पसरते आणि मागून येणारी दुचाकी घसरते. डेब्रिज, म्हणजे राडारोडा, भरणं तर त्याहून वाईट. धडकेत विटांचे तुकडे गोफणीसारखे उडतात. टोपण काढून आत डोकावलं की अनेक कामांवर बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि भिजलेलं सिमेंटचं पोतं दिसतं. तो नग भरलेला धरू नये.

पाणी भरलं की मुंबईत दुसरा प्रश्न उभा राहतो तो डासांचा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि टोपण हरवलेला बॅरियर म्हणजे त्याच्यासाठी पाचशे लिटरची टाकी. बांधकामांच्या जागी डासांची पैदास सापडली तर महापालिकेची नोटीस येते. उपाय साधा आहे: टोपणं आट्यांची घ्या, नुसती दाबून बसणारी नकोत, आणि प्रत्येक टोपण नायलॉनच्या दोरीने नगाला बांधा. टोपण गेलंच तर तोंडावर बारीक जाळी ताणून बांधा. अळीनाशक घालायचं असेल तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाला विचारून घाला. डासांच्या भीतीने नग रिकामे ठेवणं हा उपाय नव्हे, आणि तोच सगळ्यात जास्त वापरला जातो.

सांध्याबद्दल थोडं विस्ताराने. एका नगाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि दोन्हींतून वरून पिन जाते. जीभ-खाच बसली की रांग जोडल्यासारखी दिसते, पण पिन नसेल तर धक्का लागताच नग सुटे होतात, आणि वर केलेला पाच नगांचा हिशोब एका नगावर येतो. पिन लोखंडी असेल तर ती भंगारात जाते; आठवड्याभरात अर्ध्या पिना गायब होतात. पिनेच्या खालच्या टोकाला आडवं छिद्र पाडून खिट्टी लावा आणि वरचं डोकं छिद्राच्या तोंडापेक्षा मोठं ठेवा. चोर थांबेलच असं नाही, पण चालता चालता उपसून नेणं बंद होतं. वळणावर रांग लावताना दोन नगांमधला कोन जास्त झाला की पिन छिद्रातून जात नाही. मग लोक ती सोडून देतात. वळणासाठी एक मीटरचे नग मागवा.

रात्री दिसण्याचं काम रिफ्लेक्टिव्ह पट्टीचं. इथे पुरवठादार हमखास चुकतात. पॉलिइथिलीनला चिकटपट्टी नीट धरत नाही, हा त्या प्लॅस्टिकचा गुणच आहे. नुसती चिकटवलेली पट्टी पहिल्या मोठ्या पावसात एका कोपऱ्याने सुटते आणि ट्रकच्या वाऱ्याने निघून जाते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लावलेली शीट रिव्हेटने बसवलेली मागा. रिव्हेट वरच्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या वर. मग उरतो चिखल. खोदकामाच्या ट्रकची चाकं उडवतात तो चिखल नेमका पट्टीच्या उंचीवर बसतो. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, टँकरच्या पाण्याने रांग धुवायची. धुतली की नाही ते तपासायला रात्री डिप्परवर शंभर मीटरवरून पाहायचं. पट्ट्यांची सलग रेघ दिसली पाहिजे.

नग कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागी लावला की कोंडी तोच करतो. दोन मार्गिकांचा डांबरी पट्टा सात मीटरचा. त्यात आतल्या बाजूने साठ सेंटिमीटरचा बॅरियर आणला आणि चालक त्याच्यापासून सहज अर्धा मीटर लांब राहतात हे धरलं, तर उरतात ५.९ मीटर. ट्रकची परवानगीची रुंदी २.६ मीटर, वर आरसे. दोन ट्रक शेजारी मावतात, पण चालवायला कुणी धजत नाही. एक मागे राहतो, मार्गिका दोन आणि रांग एक. म्हणून बॅरियर कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, शोल्डरवर म्हणजे मार्गिकेलगतच्या कडेच्या पट्ट्यावर ठेवा. शोल्डर खोदायचाच असेल तर खड्डा आणि बॅरियर यांत किमान एक मीटर तरी घट्ट जमीन सोडा, कारण भरलेल्या रांगेचं वजन मीटरला पाव टनाच्या जवळ जातं आणि पावसात सैल झालेली कड तेवढ्यानेही ढासळते. तेवढी जागा निघत नसेल तर तिथे हा बॅरियर चालणार नाही, हे मान्य करून काँक्रीट मागवा.

मार्गिका जिथे बंद होते तो निमुळता भाग आपल्याकडे हटकून तोकडा असतो. अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रणाच्या पुस्तिकेतलं (एमयूटीसीडी) त्याच्या लांबीचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. वेग ताशी ७० किंवा जास्त असेल तर मार्गिकेची रुंदी गुणिले वेग भागिले १.६, ६० किंवा कमी असेल तर रुंदी गुणिले वेगाचा वर्ग भागिले १५५. साडेतीन मीटरची मार्गिका ८० च्या वेगाला बंद करायची तर १७५ मीटर लागतात, ६० ला ८१ मीटर. जागेवर मिळतात वीस मीटर, कारण तेवढेच नग शिल्लक होते. मग प्रत्येक ट्रक शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जास्त जोराने मारतो, आणि त्या ब्रेकची लाट मागे दोन किलोमीटर जाते. लोक म्हणतात कामामुळे कोंडी झाली. ती झालेली असते निमुळत्या भागात दीडशे मीटर वाचवल्यामुळे. या भागात बॅरियर लावू नका, साडेसातशे मिलिमीटरचे शंकू लावा. धडकले तरी कुणाचं नुकसान होत नाही. बॅरियरची रांग शंकूंच्या मागे सुरू करा आणि तिचं पहिलं तोंड वाहनांकडे सरळ ठेवू नका, तिरकं बाहेर वळवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या एसपी ५५ या पुस्तिकेत कामाच्या जागेचे सगळे टप्पे आकृत्यांसह दिले आहेत. त्या आकृतीची प्रत मुकादमाच्या खिशात असावी. साहेबांच्या कपाटात तिचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात सलग रांग म्हणजे रस्त्यावर बांधलेला बंधारा. रस्त्याचा उतार ज्या बाजूला, त्याच बाजूला बॅरियर असतो आणि पाणी त्याला अडतं. तळाचे फोर्कलिफ्टचे खाचे तेव्हा गटाराचं काम करतात, पण ते मातीने बुजलेले असतात. जोराचा पाऊस येण्याआधी फावड्याच्या दांड्याने प्रत्येक खाचा मोकळा करायचा. शंभर मीटरला दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते न झाल्याने डावी मार्गिका पाण्याखाली जाते.

आता तुलना. काँक्रीटचा जर्सी बॅरियर ८१० मिलिमीटर उंच, तळाशी ६१० रुंद, मीटरला साधारण ६०० किलो. तीन मीटरचा तुकडा १८०० किलोचा, म्हणजे हायड्राशिवाय हलत नाही आणि रात्री त्या हायड्रासाठी एक मार्गिका जादा अडते. हे तोटे मान्य करूनही खोल खड्ड्याच्या कडेला दुसरा पर्याय नाही. घेताना आकार पाहा. जर्सी आकारात खालचा उतार ३३० मिलिमीटर उंचीपर्यंत जातो, एफ आकारात २५५ पर्यंत. हा उतार जितका खाली संपतो तितकी छोटी कार कमी चढते आणि उलटण्याचा धोका कमी होतो. दोन्ही मिळत असतील तर एफ घ्या. स्थानिक यार्डात ओतलेल्या तुकड्यांत कोपऱ्यांना मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं आणि उघडी गंजलेली सळई सापडते, असे तुकडे परत पाठवा. आणि सांधे इथेही हवेत. सुटे तुकडे म्हणजे ओळीत ठेवलेले दगड.

डब्ल्यू-बीम, म्हणजे रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेला पन्हळी पत्रा, तात्पुरत्या कामाचा नाही, रुंदीकरण संपल्यावर बसतो. तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा, खांब दोन मीटरवर, १.८ मीटरच्या खांबातला १.१ मीटर जमिनीत. इथे दोन गोष्टी बघाव्यात. पत्र्यांचा जोड वाहनांच्या दिशेने असावा. उलटा असेल तर पत्र्याची कड येणाऱ्या गाडीला सुरीसारखी लागते. आणि नंतर डांबराचा थर चढवला की ७० सेंटिमीटरची उंची कमी होते, तेव्हा बीम वर घ्यायला हवा. तो कुणी घेत नाही.

प्लॅस्टिकच्या बॅरियरची ऑर्डर देताना सुटे भाग त्याच खेपेत मागवा. १०० नगांमागे २० टोपणं, १५ बुचं वायसरसकट, २० पिना. नंतर मागितलं तर आटे जुळत नाहीत, कारण साचा बदललेला असतो. काम संपल्यावर नग जागेवर मार्गिकेत रिकामे करू नका. उताराच्या खालच्या टोकापासून, गटाराजवळून, एकेक बूच काढत वर या. तळाशी बोटभर गाळ उरतो. तो हलवून धुवा, टोपण आणि बूच दोन्ही उघडी ठेवून नग आडवा टाका आणि यार्डात ताडपत्रीखाली ठेवा. गाळासकट रचलेल्या नगात पुढच्या खेपेला बूच बसत नाही, आणि बूच बसलं नाही की पाणी टिकत नाही.